जुळ्यांचा पाचवा महिना: आधी विचारा, वार एक की दोन?

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला भाचीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, सोनोग्राफीच्या रिपोर्टचा, आणि खाली एवढंच की मावशी हे डीसीडीए म्हणजे काय असतंय, काही वाईट तर नाही ना. ती अंबाजोगाईकडं दिलेली, पहिलटकरीण, एकोणिसावा आठवडा चालू आणि पोटात जुळी. घरात आनंद इतका झाला की पेढे वाटून झाले, पण रिपोर्ट कुणी वाचलाच नव्हता, फाइलीत तसाच पडून होता, आणि दोन दिवसांवर मोठी सोनोग्राफी आली तेव्हा हिनं फाइल उघडली आणि घाबरली.

मी काही डॉक्टर नाही. पण माझी स्वतःची जुळी आता सहावीत आहेत आणि त्या नऊ महिन्यांत (नऊ कुठले, जेमतेम आठच) जेवढं विचारून, वाचून आणि रडून कळलं तेवढं सगळं तिला फोनवर सांगितलं. फोन दीड तास चालला, तिच्या सासूबाई पण मधीच स्पीकरवर आल्या आणि त्यांनी जे प्रश्न विचारले ते खरंतर सगळ्याच घरात असतात. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

अर्धं झालं म्हणजे नेमकं किती?

डॉक्टर महिने मोजत नाहीत, आठवडे मोजतात, आणि मोजणी सुरू होते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. असे 40 आठवडे धरले तर विसावा आठवडा म्हणजे अर्धा रस्ता. पण हे एका बाळाचं गणित झालं. जुळ्यांत 37 आठवडे म्हणजेच दिवस भरले असं धरतात, आणि निम्म्याहून जास्त जुळी तर 37 च्या आधीच येतात. म्हणजे भाचीचा फोन आला तेव्हाच तिचा अर्धा रस्ता संपलेला होता, आणि घरातले मात्र अजून लई वेळ आहे म्हणून निवांत.

यावेळी एकेक बाळ साधारण 300 ग्रॅमचं असतं, डोक्यापासून टाचेपर्यंत वीतभराहून थोडं जास्त. जुळी आहेत म्हणून या टप्प्याला ती बारकी असतात असं काही नाही, साधारण 28 व्या आठवड्यापर्यंत दोघंही एकट्या बाळासारखीच वाढतात, त्यानंतर मग जागा आणि पुरवठा दोन्ही वाटून घ्यायची वेळ येते आणि वाढ जरा हळू होते. पोट मात्र आत्ताच मोठं दिसतं. एका बाळात विसाव्या आठवड्याला गर्भाशय बेंबीपाशी पोचलेलं असतं, जुळ्यात ते बेंबीच्या बरंच वर गेलेलं असतं, त्यामुळं शेजारणी विचारतात सातवा का गं, आणि ही म्हणते पाचवा, मग त्या एकमेकींकडं बघतात.

वार, पडदा आणि शेतातलं बोअर

आता मुख्य गोष्ट. जुळी म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न सारखी दिसणारी का वेगळी, दुसरा प्रश्न मुलगा की मुलगी. पण डॉक्टरला पडतो तो प्रश्न वेगळाच असतो, वार एक की दोन. वार म्हणजे गर्भाशयाला चिकटलेली ती जाड चकती जिच्यातून नाळेवाटे बाळाला अन्न, पाणी, प्राणवायू सगळं मिळतं. आणि बाळ ज्या पाण्यात तरंगतं त्याची एक पातळ पिशवी असते, ती पाणपिशवी.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. वार म्हणजे बोअर समजा, बाळ म्हणजे शेत, आणि दोन पाणपिशव्यांच्या मधला पडदा म्हणजे बांध. आता तीन शक्यता. पहिली, दोन भावांची दोन शेतं, मधी बांध, आणि दोघांची बोअरं आपापली. याला रिपोर्टवर डीसीडीए लिहितात, म्हणजे दोन वारा आणि दोन पाणपिशव्या. भाचीचं हेच होतं, आणि जुळ्यांत सगळ्यात कमी कटकटीचा प्रकार हाच. दुसरी, शेतं दोन, मधी बांध पण आहे, पण बोअर एकच आणि दोघांचे पाइप त्यालाच जोडलेले. याला एमसीडीए म्हणतात. तिसरी, बोअर एक आणि बांध पण नाही, सगळं एकत्र कुटुंब. याला एमसीएमए. हा प्रकार फार क्वचित दिसतो, शंभर जुळ्यांत एखादा, पण यात दोघांच्या नाळा एकमेकींत गुंतायची भीती असते म्हणून यावर लक्ष फार बारीक ठेवावं लागतं.

ही अक्षरं रिपोर्टवर कधी यायला पाहिजेत तर पहिल्या तीन महिन्यांत, 14 आठवड्यांच्या आतल्या सोनोग्राफीत. तेव्हा दोन वारांच्या मधल्या पडद्याचं टोक जाड, त्रिकोणी दिसतं आणि एकच वार असेल तर पडदा पातळ, सरळ येऊन टेकतो. पुढं पोट वाढलं की दोन वारा शेजारी शेजारी येऊन चिकटतात आणि एकच असल्यासारख्या दिसतात, जशी बांधाच्या अलीकडं-पलीकडं पाडलेली दोन बोअरं लांबून एकच वाटतात. माझ्या वेळी एका ठिकाणच्या रिपोर्टवर नुसतं जुळी आहेत एवढंच लिहिलेलं होतं आणि विसाव्या आठवड्याला दुसरीकडं गेले तर तिथले डॉक्टर म्हणाले आता नक्की सांगता येत नाही, आपण एकच वार आहे असं धरून चालू. मग दर पंधरा दिवसाला चकरा. झाल्यावर कळलं वारा दोन होत्या. चकरांचा राग नाही, धरून चाललेलं बरंच झालं, पण एक ओळ आधी लिहिली असती तर माझं अर्धं टेन्शन वाचलं असतं.

एकाच बोअरवर दोन शेतं, मग काय बिघडतं?

बऱ्याचदा काहीच बिघडत नाही. एकाच वारेच्या जुळ्यांपैकी बहुतेकांचं पाणी बरोबर वाटून जातं. पण वारेच्या आत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि शंभरातल्या 10 ते 15 जोड्यांत हा जोड एका बाजूला झुकतो. एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडं जात राहतं. ज्याचं जातं त्याला लघवी कमी होते, आणि पोटातलं पाणी म्हणजे बरंचसं बाळाची लघवीच असते, म्हणून त्याच्या पिशवीतलं पाणी आटतं. ज्याला मिळतं त्याच्या हृदयावर ताण येतो, लघवी जास्त होते, त्याची पिशवी फुगते. म्हणजे एक शेत कोरडं पडलंय आणि दुसऱ्यात पिकं पाण्यानं सडायलीत, आणि बोअर एकच. याचं नाव ट्विन टू ट्विन ट्रान्सफ्यूजन, डॉक्टर टीटीटीएस म्हणतात.

हे जास्त करून 16 ते 26 आठवड्यांच्या मधी होतं, म्हणजे नेमकं या मधल्याच काळात. म्हणूनच एक वार असेल तर 16 व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्याला सोनोग्राफी करतात, आणि दोन वारा असतील तर 20 व्या आठवड्यापासून साधारण दर चार आठवड्याला. एवढा फरक पडतो त्या एका ओळीनं. वेळेत सापडलं तर दुर्बिणीतून लेझरनं ते जोड बंद करता येतात, पण ही सोय मुंबई, हैदराबादसारख्या मोठ्या शहरांत मोजक्याच ठिकाणी आहे, त्यामुळं इथून निघायचं तर आज ठरवून उद्या निघावं लागतं. एक वार असलेल्या बाईचं पोट दोन-तीन दिवसांत एकदम ताणल्यासारखं फुगलं, दम लागायला लागला, तर जुळी आहेत, पोट वाढणारच असं म्हणून घरी बसू नये. त्याच दिवशी दाखवावं.

सारखी दिसली तर वार एकच असणार ना?

सासूबाईंचा पहिला प्रश्न हाच. उत्तर, असं नाही. जुळी दोन तऱ्हेनं होतात. एका महिन्यात दोन बीजं सुटली आणि दोन्ही फळली, तर ती वेगळी जुळी, भावंडंच पण एकाच वेळी आलेली, आणि त्यांना वारा दोनच असतात. दुसरी तऱ्हा म्हणजे एकच बीज फळतं आणि मग त्याचे दोन होतात, ती सारखी जुळी. ते दोन कधी झाले यावर पुढचं सगळं. पहिल्या तीन दिवसांत झाले तर सारखी असूनही वारा दोन होतात, चार ते आठ दिवसांत झाले तर वार एक आणि पिशव्या दोन, त्याहून उशीर झाला तर सगळं एकच. सारख्या जुळ्यांपैकी साधारण एक तृतीयांश जोड्यांना वारा दोनच असतात. म्हणून तोंडावळ्यावरून वार ओळखायला जाऊ नये. आणि जोडकेळ खाल्ल्यानं यातलं काहीच होत नाही, मी आयुष्यात एकदा पण खाल्लं नव्हतं.

घराण्यात आहे का, हे पण विचारलं. वेगळी जुळी आईच्या बाजूनं चालत येऊ शकतात, कारण दोन बीजं सुटायची सवय आईच्या अंगात असते. आईचं वय पस्तिशीच्या पुढं असेल, किंवा मूल राहावं म्हणून गोळ्या-इंजेक्शनं, टेस्ट ट्यूब केलेलं असेल तरी जुळ्यांची शक्यता वाढते. सारखी जुळी मात्र सहसा कुणाच्याही घरात होतात, तिथं घराण्याचा फारसा संबंध नाही.

आता मुलगा-मुलगीचं. परदेशातल्या वेबसाइटवर वाचाल तर लिहिलेलं असतं की एक मुलगा एक मुलगी दिसली तर वारा दोन आहेत हे पक्कंच समजा. आपल्याकडं ही खूण वापरता येत नाही, कारण 1994 च्या कायद्यानं लिंग सांगणं गुन्हा आहे, डॉक्टरनं सांगणं पण आणि आपण विचारणं पण. आणि तो कायदा कशाला लागतो हे निदान आपण मराठवाड्यातल्या लोकांनी विचारू नये, 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं 807 मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. म्हणून आपल्याला ती लवकरची, 14 आठवड्यांच्या आतली सोनोग्राफी जास्तच महत्त्वाची. डॉक्टरला विचारायचं ते हे: वार एक की दोन, पिशव्या किती. हे विचारायला कायद्याची कसलीच आडकाठी नाही, आणि ते कागदावर लिहून मागायचं.

विसाव्या आठवड्याची मोठी सोनोग्राफी

18 ते 20 आठवड्यांच्या दरम्यान जी होते तिला सगळे ॲनोमली स्कॅन म्हणतात. दोन्ही बाळांचा मेंदू, हृदय, मणका, किडन्या, हातपाय एकेक करून बघतात, दोघांची मापं वेगवेगळी लिहितात. दोन बाळं म्हणजे वेळ पण दुप्पट, आणि एक बाळ पाठ करून बसलं तर बाहेर फिरून या, काहीतरी खाऊन या म्हणतात, त्यात घाबरायचं काही नाही. भाचीला तीनदा आत-बाहेर करावं लागलं, जावईबापू बाहेर नखं खात बसले. एकच वार असेल तर हृदयाची वेगळी सोनोग्राफी पण करायला सांगतात.

बाळांना ए आणि बी अशी नावं देतात, खालचं असतं ते ए. पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीत तेच ए आणि तेच बी धरून वाढ मोजतात, म्हणून जुने रिपोर्ट प्रत्येक वेळी सोबत न्यायचे. दोघांच्या वजनात थोडा फरक असतोच, पण तो 20-25 टक्क्यांच्या वर जायला लागला तर तपासण्या वाढवतात.

वार खाली आहे असं लिहिलेलं असेल तर लगेच हादरू नका, गर्भाशय वाढतं तशी बहुतेक वेळा ती वर सरकते. फक्त अंगावरून लाल गेलं तर थांबायचं नाही. गर्भाशयाच्या तोंडाची लांबी पण मोजतात, जास्त करून आतून, आणि ती 25 मिलिमीटरच्या खाली असेल तर लवकर कळा यायची शक्यता वाढते म्हणून लक्ष ठेवतात.

इतक्या सोनोग्राफ्या करून लेकरांना किरणं लागत नाहीत का, हा सासरेबुवांचा एकुलता एक प्रश्न. नाही लागत. तो आवाज असतो, माणसाला ऐकू न येणारा, एक्स-रे नाही.

आईच्या अंगात काय चालू असतं

खरं सांगायचं तर पाचवा-सहावा हा त्यातल्या त्यात बरा काळ. उलट्या कमी झालेल्या असतात (जुळ्यात त्या जरा जास्तच होतात), भूक लागायला लागते. आणि मधीच कधीतरी पोटात फुलपाखरू फडफडल्यासारखं, बुडबुडा फुटल्यासारखं होतं. पहिलटकरणीला हे 18 ते 20 च्या आसपास कळतं, वार पोटाच्या पुढच्या बाजूला असेल तर अजून उशिरा. आत्ता कुठलं बाळ हललं हे ओळखत बसू नका, ते जमत नाही. एकच हलतंय असं वाटणं पण या टप्प्याला काही विशेष नाही. 24 च्या पुढं मात्र रोजची हालचाल अंगवळणी पडते आणि ती कमी झाली असं वाटलं तर दवाखाना.

रक्त वाढतं. एका बाळाच्या वेळी आईचं रक्त 40-50 टक्क्यांनी वाढतं, जुळ्यात त्याहून जास्त. पण त्यात पाणी जास्त वाढतं, तांबड्या पेशी तेवढ्या वाढत नाहीत, म्हणजे वरणात पाणी घातलं की वरण जास्त पण डाळ तेवढीच. म्हणून एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, खाली येतं, आणि आपल्याकडं आधीच नऊ-साडेनऊवर असलेल्या पोरी काही कमी नाहीत. गरोदरपणात 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी.

बाकी मग छातीत जळजळ, पोट साफ न होणं, पाठ, पायाच्या शिरा, रात्री कूस बदलताना मांडीच्या सांध्यात चमक. पाठीवर उताणं झोपलं की घाबरल्यासारखं होतं कारण पोटाचं वजन मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतं, म्हणून कुशीवर, पोटाखाली एक जुनी गोधडी घडी करून. पाय संध्याकाळी सुजतात ते चालतं. पण सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं, बांगडी हातात रुतायली, डोकं असह्य दुखायलंय, डोळ्यांपुढं चमकायलंय, बरगडीखाली दुखायलंय, तर ते बीपीचं लक्षण असू शकतं. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 झाला की ते वाढलेलं बीपी. जुळ्यात याची शक्यता जास्त, म्हणून भाचीला तिसरा महिना संपतानाच ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू केलेली होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं ती तर रक्त पातळ करायची गोळी, माझ्या दिराला असते, हिला कशाला?" त्यासाठीच. वारेला होणारा रक्तपुरवठा नीट राहावा आणि पुढं बीपी वाढू नये म्हणून. आपल्या मनानं सुरू पण करायची नाही आणि आपल्या मनानं बंद पण नाही.

तळहात-तळपायाला खाज सुटली, पुरळ तर काहीच नाही, असं झालं तर तेल चोळत बसू नका, लिव्हरची रक्त तपासणी करायला सांगतात.

दोन जीवांचं नाही, तिघांचं खायचं का?

तीन ताटं जेवायची नसतात. एका बाळामागं दिवसाला साधारण 300 कॅलरी जास्त असा ढोबळ हिशोब धरला तर जुळ्यांना 600. म्हणजे रोजच्या जेवणावर दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर वरण, एक अंडं आणि कपभर दूध, झालं जवळपास. पण हे एका बैठकीत जाणार नाही, पोटाला जागाच नसते, म्हणून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. शेंगदाणा-गुळाचा लाडू, फुटाणे, मोड आलेली मटकी, शेपू-मेथी, यात पैसे पण फार जात नाहीत. मला शेपूचा वास सहन होत नव्हता, मी चवळी-मुगावर भागवलं. वजन किती वाढावं हे आपापल्या आधीच्या वजनावर आहे, डॉक्टरला आकडा विचारून ठेवा.

लोहाच्या गोळीनं बाळ काळं होतं, बाळ मोठं होऊन अडतं, हे अजून ऐकायला मिळतं. संडास काळी होते, बाळ नाही. गोळी चहासोबत घेतली तर वाया जाते, लिंबू-पाण्यासोबत घेतली तर लागू पडते, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घ्यायची नाही, दोघींचं पटत नाही. दोन तासांचं तरी अंतर. मळमळ होत असेल तर रात्री झोपताना. आशाताई ज्या गोळ्या देतात त्यात 60 मिलिग्रॅम लोह असतं, जुळ्यांत एचबी बघून डॉक्टर डोस वाढवू शकतात किंवा शिरेतून लोह देतात.

साखरेची तपासणी 24 ते 28 आठवड्यांच्या मधी येते. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त, 140 किंवा वर आलं तर गरोदरपणातली शुगर. ते गोड पाणी एकदम घटाघट पिऊ नका, माझ्यासारखं बाहेर येईल आणि परत दुसऱ्या दिवशी जावं लागेल.

मग झोपूनच राहायचं का? आणि गर्भाशयाच्या तोंडाला टाका?

घरोघरी हाच सल्ला, जुळी आहेत ना, मग खाटेवरून उतरू नको. पण सगळ्या जुळ्यांच्या आयांना सरसकट झोपवून ठेवल्यानं बाळंतपण लांबतं असं दिसून आलेलं नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती वाढते, बीपी-शुगर बिघडतं, डोकं फिरतं ते वेगळंच. चालणं, घरातलं हलकं काम चालतं. हलकं मात्र हलकंच. टँकर आला म्हणून दोन-दोन हंडे उचलणं हे हलकं नाही, आणि उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेणं तर नाहीच. कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या बायकांना हे सांगणं सोपं आहे, त्यांना उचल (मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे) फेडायची असते, हे मला कळतं. तरी निदान माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं, ज्या कारखान्याच्या गावाला असाल तिथल्या आरोग्य केंद्रात ते चालतं.

टाक्याचं पण तसंच. एखादीच्या गर्भाशयाचं तोंड वेळेआधी उघडायला लागलं तर डॉक्टर टाका घालतात आणि त्याचा उपयोग होतो, पण जुळी आहेत एवढ्या कारणावरून सगळ्यांनाच टाका घालण्याचा फायदा नाही. शेजारच्या अमकीला घातला मग हिला का नाही, असं भांडायला जाऊ नये.

पोट अधूनमधून दगडासारखं घट्ट होऊन सैल होतं, ते चालतं. पण घट्ट होणं घड्याळ लावल्यासारखं यायला लागलं, कंबर खालून दुखायला लागली, पाणी झिरपल्यासारखं वाटलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं जगत नाही म्हणतात?

हे माझ्या आईनं पण मला ऐकवलं होतं. साफ चूक. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फुप्फुसाच्या कामाचा असतो, 30 पेक्षा 32 बरं, 32 पेक्षा 34 बरं. माझी दोघं आठव्यातलीच, 34 पूर्ण होऊन दोन दिवस, अकरा दिवस काचेच्या पेटीत होती आणि आता टीव्हीच्या रिमोटवरून एकमेकांचे केस उपटतात.

लवकर कळा येतील असं वाटलं तर 24 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यानं बाळांची फुप्फुसं लवकर तयार होतात. स्टेरॉइड शब्द ऐकून नकार देणारे नातेवाईक असतात, त्यांना आधीच समजावून ठेवलेलं बरं. ही इंजेक्शनं बाळंतपणाच्या थोडी आधी पडली तर जास्त उपयोगी, म्हणूनच त्रास सुरू झाल्यावर सकाळपर्यंत थांबू म्हणायचं नाही.

माहेरी कधी जायचं?

पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. आणि जायचं सातव्यात, डोहाळजेवण झाल्यावर. एका बाळाला हे चालून जातं. जुळ्यांत, सासर पुण्याकडं असलं तर सातवा संपेपर्यंत तिथंच बसून राहिलं आणि मग आठ तास गाडीत हिंदकळत गावी यायचं, हे मला तरी पटत नाही. जायचं असेल तर सहाव्यातच, डॉक्टरला विचारून, सगळी फाइल सोबत घेऊन.

आणि गाव निवडताना घर बघायचं नाही, पेटी बघायची. लवकर झालेल्या बाळांना ठेवायची सोय कुठं आहे? जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष असतो, त्याला एसएनसीयू म्हणतात. वैद्यकीय महाविद्यालयं लातूरला, नांदेडला, अंबाजोगाईला आहेत, छत्रपती संभाजीनगरला घाटी (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आहे. खाजगीत जाणार असाल तर स्पष्ट विचारा, दोन पेट्या एकाच वेळी मिळतील का, का एक लेकरू इथं आणि दुसरं दुसऱ्या गावाला न्यावं लागंल. असं झालेलं मी बघितलंय, बाप दोन गावांच्या मधी एसटीनं फिरत होता.

सरकारीत आईचं आणि आजारी नवजात बाळाचं उपचार, औषध, नेणं-आणणं मोफत आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रावर गरोदर बायकांची डॉक्टरकडून तपासणी असते, जुळी असतील तर कार्डावर जोखमीचं लाल स्टिकर लावतात, ते बघून रडायचं नाही, ते जास्त लक्ष ठेवायसाठी असतं. गाडीसाठी 102 आणि अडचणीत 108, दोन्ही नंबर सासऱ्यांच्या मोबाइलमधे पण टाकून ठेवा.

सिझरच होणार ना?

होईलच असं नाही. खालच्या बाळाचं डोकं खाली असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर जुळी नॉर्मल पण होतात, अर्थात जिथं लगेच सिझर करता येईल अशाच ठिकाणी, कारण पहिलं आल्यावर दुसरं कधी कधी आडवं होतं. खालचं बाळ आडवं किंवा पायाळू असेल तर सहसा सिझर. एकाच पिशवीत दोघं असतील तर सिझरच, आणि ते पण 32 ते 34 च्या मधी. दोन वारा असतील तर 37 च्या सुमाराला, एक वार दोन पिशव्या असतील तर 36 च्या सुमाराला बाळंतपण उरकून घेतात. त्याच्या पुढं थांबण्यात फायदा नाही, धोका वाढतो, म्हणून नऊ महिने नऊ दिवस भरू द्या असा हट्ट जुळ्यांत धरायचा नाही. विसाव्या आठवड्याला यातलं काहीच ठरत नाही. बाळं अजून दिवसातून दहा वेळा कोलांट्या मारत असतात, आज डोकं खाली आहे म्हणून पेढे नकोत आणि वर आहे म्हणून नवस पण नकोत.

भाचीची मोठी सोनोग्राफी झाली. दोघंही ठीक, ए 310 ग्रॅम आणि बी 295, वारा दोन पण एकमेकींना चिकटलेल्या, आणि हे सगळं आता फाइलीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. पुढची तारीख 24 व्या आठवड्याची. माझ्या बहिणीनं डोहाळजेवण सातव्यातून सहाव्यात आणलंय, सासूबाई आधी नाही म्हणाल्या, मग पंचांग बघून हो म्हणाल्या. ओटीत नारळ एक घालायचा का दोन, यावर अजून दोन्ही घरांत फोनाफोनी चालू आहे.